मुरुडकरीण

या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कोणतं नाव घालायचं, यावरून दोन घरांत दोन महिने बोलणं अडलं होतं. माहेरचे म्हणत, बारशाला ठेवलेलं नाव घाला, तिची आई शेवटपर्यंत त्याच नावानं हाक मारत होती. सासरचे म्हणत, त्या नावानं आमच्याकडं तिला कोण ओळखतं? लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं जे नाव लिहिलं तेच खरं. मतदार यादीत तेच, पासबुकावर तेच, मृत्यूच्या दाखल्यावरही तेच. दोन्हीकडचं खोटं नव्हतं. शेवटी सुनेनं तोड काढली. गल्लीतल्या बाया सासूबाईंना काय म्हणायच्या? मुरुडकरीण. मग तेच घाला.

आमच्याकडची ही रीत ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सून घरात आली की तिला तिच्या माहेरच्या गावावरून हाक पडते. कळंबची ती कळंबकरीण, लातूरची लातूरकरीण. एका वाड्यात चार जावा असल्या तर चार गावं चुलीपुढं बसलेली असतात. गंमत अशी, की लातूरकडच्या मुरुडात, तिच्या माहेरी, तिला मुरुडकरीण म्हणणारा एकही माणूस नव्हता. गावच्या लेकीला गावाचं नाव कोण लावील? गाव सोडलं तेव्हा ते नाव तिला चिकटलं, आणि साठ वर्षं चिकटून राहिलं. तिची दोन्ही खरी नावं पुस्तकात आत आहेत. दोन घरांतलं भांडण पुन्हा उकरायला नको म्हणून प्रस्तावनेत मी एकही घालत नाही. धाकटा भाऊ तिला अक्का म्हणायचा, मीही तेच म्हणतो.

प्रस्तावना लिहिण्याइतका मी कुणी नव्हे. मुरुडात मास्तरकी केली, लोकांचे अर्ज लिहून दिले, लग्नपत्रिकांचं शुद्धलेखन तपासलं. त्याच ओळखीवर हे काम माझ्याकडं आलं. वर्षश्राद्धाला वाटायची पुस्तिका म्हटल्यावर मला वाटलं, नेहमीसारखी असेल: पहिल्या पानावर हार घातलेला फोटो, मग पुढाऱ्याचा शोकसंदेश, मग पसायदान. हातात आल्या तीन वह्या. एक भावाची, एक मुलांची. तिसरी नातीनं लिहिलेली. तिनं अक्काच्या नव्वदी ओलांडलेल्या चुलतीचं बोलणं मोबाइलवर टिपून उतरवून काढलं होतं. मुलांची वही सर्वांत जाड, भावाची निम्मी, आणि चुलतीची कशीबशी नऊ पानं.

त्या नऊ पानांनी मला विचारात पाडलं. बाईला लेक म्हणून आठवणारी माणसं तिच्याआधीच जातात. आई गेली, बाप गेला, की तिनं पहिलं पाऊल कधी टाकलं, कशाला भ्यायची, कोणत्या भाकरीसाठी रुसायची, हे सांगणारं कुणी उरत नाही. बहीण म्हणून आठवणारे तिच्याबरोबरच म्हातारे होतात. मागं राहतात ती मुलं, आणि लिहितात तीच. म्हणून आपल्याकडं आईवर मनभर कागद खर्ची पडला आहे आणि लेकीवर चिमूटभर.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. पुस्तक घराघरांत गेलं, त्यावरच्या सिनेमानं लोकांना रडवलं. त्या आईचं नाव काय, असं मी दरवर्षी वर्गात विचारायचो. हात वर व्हायचे, ‘श्यामची आई’ एवढंच उत्तर यायचं. यशोदा हे नाव एखाद्यालाच ठाऊक असायचं. यात साने गुरुजींचा दोष नाही. मुलाला आई दिसते ती आईच. तिच्या परकरातल्या दिवसांना तो साक्षी नसतो.

बहिणाबाईंचं पाहा. जळगावजवळच्या असोद्याला १८८० साली जन्म, घरात तीन भाऊ, तीन बहिणी. अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर, चुलीपुढं गाणी सुचायची आणि हवेत विरायची. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जी टिपून ठेवली तेवढी वाचली. १९५१च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. मग सोपानदेवांनी ते हस्तलिखित आचार्य अत्र्यांना दाखवलं, आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. आईचं पुस्तक मुलानं केलं, तरी त्यात लेक भेटते, बहीण भेटते. कारण साधं आहे. शब्द तिचे होते. माहेरची वाट तिनं स्वतः सांगितली, मुलानं फक्त लिहून घेतली. अक्काच्या शब्दांना असा कुणी पितांबर भेटला नाही, ही या पुस्तकातली मोठी उणीव, आणि ती मी झाकणार नाही.

खरं तर अक्का ओव्या म्हणायची. गावात पिठाची गिरणी आल्यावरही सणासुदीला जात्यावर बसायची, असं भाऊ आणि मुलं दोघंही लिहितात. पण कोणती ओवी, हे कुणालाच धड आठवत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. आता ते भांडार ‘पारी’ या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतं. त्यात मराठवाड्यातल्याही बाया आहेत. मी ते तासन्‌तास ऐकलं आहे. जात्यावर बसलेली बाई स्वतःबद्दल फार बोलत नाही. ती भावाबद्दल बोलते, आईबद्दल बोलते, लेकीबद्दल बोलते, विठ्ठलाशी भांडते. भावाला तर तिथं राजाचा मान. आपल्या लेखी पुस्तकांत जे नातं सगळ्यांत बारीक, ते जात्यावर सगळ्यांत जाड. म्हणून भावाची वही मला या पुस्तकाचा कणा वाटते. तिच्याकडं वळण्याआधी नऊ पानांतलं थोडं सांगतो.

अक्काची जन्मतारीख कागदावर १ जून आहे. मास्तर लोकांनी अख्ख्या पिढीला वाटलेली ही तारीख, मीही हे पाप केलं आहे. चुलती म्हणते, ती रझाकाराच्या सालातली. मुरुड तेव्हा निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आणि बार्शी स्वतंत्र भारतात. मधे रस्ता आणि बार्शी लाइटची अडीच फुटी रेल्वे. १९४८च्या उन्हाळ्यात आमच्या भागातली कितीतरी घरं बिऱ्हाड उचलून बार्शीकडं गेली. अक्का तेव्हा पाळण्यातली. पाळणा नेता येईना म्हणून आजीनं तिला धान्याच्या टोपल्यात निजवलं, वर लुगड्याचा पदर झाकला. टोपलं डोक्यावर घेऊन चुलती चालली. वाटेत पोर रडू नये म्हणून तोंडात गुळाचा खडा. हे सांगताना चुलती हसत होती, असं नातीनं कंसात लिहिलं आहे. मी तो कंस तसाच ठेवायला सांगितला. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, मराठवाडा मोकळा झाला, टोपलं परत मुरुडला आलं.

बाकी पानांत ती झाडावर चढते, दुसरीत शाळा सोडते, पाटीवर स्वतःचं नाव गिरवायला शिकते. वेळ अमावस्येला रानात कोपीपुढं पूजा होण्याआधीच अंबिलीच्या मडक्यात हात घालते आणि मार खाते. येळवशीचं ते जेवण, शेंगांचे कोवळे दाणे आणि दहा पालेभाज्या एकत्र रटरटलेली भज्जी, बाजरीचे उंडे, थंडगार अंबील, आमच्या लातूर-धाराशिवकडचा माणूस जगात कुठंही असला तरी त्या दिवशी त्याच्या तोंडाला पाणी सुटतंच. चुलतीला त्या माराचं आजही वाईट वाटतं. मारणारी तीच होती.

आता भाऊ. तो अक्काहून पाच वर्षांनी लहान. तिचं लग्न झालं सोळाव्या वर्षी; सासर बार्शी तालुक्यात, पांगरी स्टेशनावर उतरून पुढं दोन कोस. पंचमी आली की लेकीला आणायला मुराळी जातो. वडिलांना एका वर्षी पेरणीतून सवड मिळाली नाही, म्हणून अकरा वर्षांच्या या पोराला मुराळी करून गाडीत बसवलं. बार्शी लाइट १८९७ साली बार्शी-कुर्डुवाडी अशी सुरू झाली, १९११ला लातूरला पोचली. १९५४ला सरकारनं ती घेतली, तरी लोकांच्या तोंडी नाव बार्शी लाइटच राहिलं. मुरुड, ढोकी, तेर, येडशी, पांगरी. चालत्या गाडीतून उतरून, ऊस मोडून परत चढता येतं, असे तिचे विनोद. पोरगं मात्र खिडकीचा गज घट्ट धरून बसलं होतं. तिकीट मुठीत भिजून गेलं. पांगरीला उतरून दोन कोस चालत गेलं, तर अक्का वेशीत उभी. ती सकाळपासूनच उभी होती. पोराला बघून आधी तिनं त्याच्या कानफटात दिली, ‘एकटा कसा आलास’ म्हणून, आणि मग उचलून घेतलं.

त्यानंतर तो वीस वर्षं मुराळी होऊन गेला. पंचमी, दिवाळी, बाळंतपणं. त्याच्या वहीत किती गाड्या चुकल्या याचाही हिशेब आहे. तो वाचकाला कंटाळवाणा वाटेल. मला वाटला नाही.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपानं आमचा भाग हलवला. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यात किती आया, किती लेकी. कितीकांचा मागं फोटोसुद्धा उरला नाही, कारण फोटो भिंतीवर होते आणि भिंती माणसांवर. मुरुडला हादरा बसला, पण गाव उभं राहिलं. अक्काला ते कसं कळावं? रेडिओ नुसता लातूर जिल्हा म्हणत होता. किल्लारी औश्याकडची आणि मुरुड इकडचं, हे अंतर त्या घटकेला तिच्या डोक्यात शिरेना. नेसत्या लुगड्यानिशी निघाली, मिळेल त्या ट्रकमध्ये चढली, दुपारी मुरुडच्या दारात उभी. मुराळ्याशिवाय माहेरी आलेली ती पहिली खेप. भाऊ लिहितो, ‘त्या दिवशी मुराळी तीच झाली.’ पुढं पंधरा दिवस ती भावाच्या लेकरांसोबत अंगणातच निजली. आमच्याकडं तेव्हा छपराखाली निजायला कुणी धजत नव्हतं.

ही वही मला इतकी आवडली की मी ती दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट खटकली. वडील गेल्याचं त्यात आहे, तेराव्याचा स्वयंपाक आहे, अक्कानं आईला कसं सावरलं ते आहे. हक्कसोड नाही.

गावात काही लपत नाही. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावं लागली: आई, भाऊ आणि अक्का. १९५६च्या कायद्यानं बापाच्या वाट्यात लेकीला हिस्सा दिला होताच. पुढं १९९४ला राज्यानं लग्न न झालेल्या लेकींना, आणि २००५ला देशानं सगळ्याच लेकींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाच्या बरोबरीनं उभं केलं. कायदा पुढं पुढं गेला. गावात मात्र बहिणीनं साडी-चोळी घेऊन हक्कसोडपत्रावर सही करायची, ही वहिवाट. अक्कानंही केली. एका फेरफारानं आलेलं नाव दुसऱ्या फेरफारानं गेलं. मी भावाला म्हणालो, हे लिहिलंस तर प्रस्तावना लिहितो, नाहीतर दुसरा मास्तर बघ.

तो महिनाभर फिरकला नाही. मग दोन पानं घेऊन आला. ती पानं या पुस्तकात आहेत, आणि त्यातल्या एका अक्षराला मी हात लावलेला नाही. तिथला एकच प्रसंग सांगतो. कागदावर तिचं सासरचं नाव होतं, पुढं ‘भ्र.’ लावून नवऱ्याचं, जसं आमच्याकडच्या दस्तात लिहितात. सासरी ती अंगठाच उठवायची. त्या दिवशी मात्र तिनं लेखणी मागून घेतली आणि पाटीवर गिरवलेलं माहेरचं नाव सावकाश, एकेक अक्षर जोडत लिहिलं. लिहिणारा चिडला, हे नाव चालत नाही म्हणाला, शेजारी अंगठा घेतला. तिच्या हातचं, तिच्या जन्मनावाचं अक्षर जगात तेवढंच आहे, आणि ते माहेरची माती सोडल्याच्या कागदावर आहे. भाऊ लिहितो, तिनं मागितलं नाही, आणि का मागत नाहीस हे मी विचारलं नाही. भावजयीला ती एकदा म्हणाली होती, पंचमीला दार उघडं राहावं म्हणून सही केली. या भावाचं दार तसंही उघडंच राहिलं असतं असं मला वाटतं. पण तिला तशी खात्री नव्हती, आणि ती नसणं हा तिचा दोष नव्हे. ही दोन पानं वाचून काही नातेवाईक नाराज होतील. होऊ द्या.

मुलांच्या वहीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ती स्वतःच भरपूर बोलते. आधी तीत ‘वात्सल्यसिंधू’ आणि ‘त्यागमूर्ती’ इतक्या वेळा आले होते, की मी लाल पेन घेऊन बसलो. निम्मे काढले. उरलेले मुलांच्या हट्टानं राहिले. त्या शब्दांखाली मजकूर मात्र खणखणीत आहे. १९७२च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडणारी माय, लेकरू बाजूला लिंबाखाली झोळीत; रेशनच्या मिलोची लाल भाकरी तव्यावर मोडते म्हणून तव्यालाच शिव्या देणारी माय; वाटणीची सुकडी पदरात बांधून घरी आणणारी माय. आणि पितळी घंगाळ्यावरून जावेशी अकरा वर्षं न बोललेली मायही. हे शेवटचं छापावं की नाही यावर मुलांत एकमत नव्हतं. जावेनंच सांगितलं, छापा. घंगाळं माझंच होतं, हे पण छापा. दोन्ही छापलं आहे. थोरल्या लेकीनं लिहिलेलं बाळंतपणाचं प्रकरण सगळ्यांत चांगलं उतरलं आहे, ते आधी वाचलं तरी चालेल.

एक आठवण कोणत्याच वहीत नाही, ती माझी. २०१६च्या एप्रिलात लातूरचं पाणी संपलं. मिरजेहून रेल्वेनं पाणी धाडायचं ठरलं. १२ एप्रिलला पहिली जलदूत लातूरला लागली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. बार्शी लाइटचं तोवर ब्रॉडगेज झालेलं, पण वाट जवळपास तीच: कुर्डुवाडी, बार्शी, येडशी, मुरुड. अक्का तेव्हा भावाकडं आली होती. जलदूतच्या पुढच्या एका फेरीला आम्ही म्हातारी मंडळी स्टेशनाकडं गेलो. वाघिणी आल्या, आमच्या तहानलेल्या गावासमोरून न थांबता निघून गेल्या. अक्का बराच वेळ रुळांकडं बघत राहिली. मग म्हणाली, ‘मास्तर, पाण्यालाबी मुराळी लागाया लागला की हो.’ आम्ही हसलो. घरी परतताना तिच्या डोक्यावर घागर होती; वाटेत कुणाच्या तरी बोअरला पाणी दिसलं, म्हणून तिनं ती भरून घेतली होती. अडुसष्ट वर्षांच्या बाईच्या डोक्यावरची घागर कुणीतरी घ्यायला हवी होती. आमच्यातल्या कुणालाच ते सुचलं नाही.

गेल्या श्रावणात, पंचमीच्या चार दिवस आधी ती गेली. भावाची पिशवी भरलेली होती. त्या वर्षी मुराळी म्हणून नातवाला धाडायचं ठरलं होतं.

पुस्तक विकायचं नाही. वर्षश्राद्धाला दोन्ही घरी मिळेल. मागं सोळा पानं कोरी ठेवली आहेत, ती नऊ पानांच्या वहीसाठी. मुरुडात किंवा आसपास, अक्काबरोबर पंचमीच्या झोक्यावर बसलेली, दुसरीच्या वर्गात तिच्या शेजारची पाटी धरलेली एखादी बाई अजून असेल. तिनं निरोप धाडावा. लिहिता येत नसेल तर हरकत नाही. मुराळी म्हणून मी स्वतः वही घेऊन येईन.